जुन्या मोटारीत वेगळे इंजिन : शर्यतीचा मार्ग आणि घाटाचा रस्ता

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट अरण्याचा व विरळ वस्तीचा प्रदेश आहे. पूर्वी या तालुक्याचे ठाणे सुपा येथे होते. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाल्यानंतर तालुक्याचा कारभार जोयड्याहून चालू लागला आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगर येथे वसली. तालुक्यातून बाहेर पडणाऱ्या वाटा बहुतांशी घाटाच्या आहेत. अनमोडचा घाट गोव्यात उतरतो, तर अणशीचा घाट कारवारच्या बाजूस जातो. अशा मुलुखात जीपगाडीला व जुन्या मोटारीला मोठे मोल आहे. गाडीचे इंजिन थकले म्हणून गाडी टाकून देण्याची रीत येथे नाही. इंजिन उतरवून दुसरे बसवावे, हाच विचार प्रथम मनात येतो.

अलीकडे या विचाराला एक नवे वळण मिळाले आहे. शर्यतीच्या मार्गावर धावणाऱ्या, जुन्या अंगाच्या परंतु नव्या इंजिनाच्या मोटारींची चित्रे तरुणांच्या पाहण्यात येतात आणि आपल्याही गाडीत जास्त ताकदीचे इंजिन घालावे अशी हौस निर्माण होते. ही हौस वाईट नाही. यंत्रविद्येचे उत्तम शिक्षण तीमधून मिळू शकते. मात्र शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठी तयार केलेली गाडी आणि सार्वजनिक रस्त्यावर धावणारी गाडी या दोन भिन्न वस्तू आहेत. हा भेद लक्षात न घेतल्यास पैसा तर वाया जातोच, शिवाय घाटातील एखाद्या वळणावर जिवावरही बेतू शकते. म्हणून या विषयाची तांत्रिक व कायदेशीर बाजू सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा रीतीने येथे मांडली आहे.

इंजिन बदलण्याची परंपरा

एका गाडीच्या सांगाड्यात दुसऱ्या घराण्याचे इंजिन बसविणे ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडील मोठमोठ्या कारखान्यांनीच ती वारंवार केली आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जातीच्या जीपगाड्या जुळविण्यास प्रारंभ केला. या गाड्यांना अमेरिकन बनावटीचे पेट्रोल इंजिन असे. सन १९७३ मध्ये जगभर खनिज तेलाची टंचाई निर्माण होऊन पेट्रोल महाग झाले, तेव्हा डिझेल इंजिनाची मागणी वाढली. त्या दशकात ट्रॅक्टरसाठी तयार होणारे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले आणि पुढे १९८० नंतरच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे डिझेल इंजिन जीपला मिळाले. त्याचे उत्पादन नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे होत असे. अमेरिकन अंगाच्या गाडीत फ्रेंच कुळाचे इंजिन, आणि ते घडले सह्याद्रीच्या कुशीत, असा हा योग होता.

कुर्ला येथील प्रीमिअर कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एन.ई.’ ही मोटार बाजारात आणली. तिचे अंग फियाट १२४ या जुन्या इटालियन गाडीचे होते, तर इंजिन निस्सान या जपानी कंपनीचे, ११७१ घन सेंटिमीटर क्षमतेचे होते. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसा गाडीची कथा याहून बोधप्रद आहे. १९८४ मध्ये ही ऐसपैस गाडी आली, तेव्हा तिच्यात अँबेसडरचेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. मोठ्या अंगाला ते अपुरे पडे. काही वर्षांनी तिला इसुझू या जपानी कंपनीचे १८१७ घन सेंटिमीटरचे इंजिन व त्याचबरोबर पाच गतींची गिअरपेटी देण्यात आली, तेव्हा कोठे तिची चाल सुधारली. पुढे अँबेसडरलाही तेच इंजिन मिळाले.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा एकटे इंजिन बदलले नाही. त्याला अनुरूप गिअरपेटी, रेडिएटर, माउंटिंग व ब्रेक यांचा विचार झाला, नमुना गाडी हजारो किलोमीटर चालवून पाहिली गेली आणि शासनमान्य संस्थेकडून तिची तपासणी करून घेण्यात आली. गावातील गॅरेजमध्ये आठ दिवसांत होणाऱ्या बदलात यांपैकी पहिली पायरी तेवढी घडते. बाकीच्या राहून जातात.

शर्यतीच्या मार्गावरील प्रयोग

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास म्हणजे एका परीने इंजिन बदलण्याचाच इतिहास आहे. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या अमेरिकन चालकाने ए.सी. कंपनीच्या हलक्या इंग्लिश गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले आणि ‘कोब्रा’ ही गाडी जन्मास आली. दोन वर्षांनी सनबीम अल्पाइन या लहान गाडीत याच पद्धतीने फोर्डचे इंजिन घालून ‘टायगर’ ही गाडी काढण्यात आली. तीत जागा इतकी अपुरी होती की, मागील बाजूचा एक स्पार्क प्लग काढण्यासाठी चालकाच्या पुढील पत्र्यास छिद्र ठेवावे लागले. इंजिन मावणे आणि इंजिनाची देखभाल करता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून घेता येतो. याउलट १९७३ च्या एम.जी.बी. जी.टी. व्ही-८ या गाडीत बसविलेले ३५२८ घन सेंटिमीटरचे इंजिन ॲल्युमिनिअमचे असल्याने मूळच्या बिडाच्या चार सिलिंडरी इंजिनाच्या जवळपासच त्याचे वजन भरले. त्यामुळे क्षमता जवळजवळ दुप्पट होऊनही गाडीचा तोल फारसा ढळला नाही.

आपल्या देशात चेन्नईजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत असत. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ही संस्था १९५३ मध्ये स्थापन झाली आणि तिने पुढे इरुंगट्टुकोट्टै येथे शर्यतीचा कायम स्वरूपाचा मार्ग उभारला. तो १९९० पासून वापरात आहे. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी केलेले कार्य येथे विशेष उल्लेखनीय आहे. परदेशी शर्यतीच्या गाड्या सामान्य होतकरू चालकाच्या आवाक्याबाहेर होत्या. करिवर्धन यांनी मारुती ८०० या घरगुती मोटारीचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन एका हलक्या, एकआसनी सांगाड्यात बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही शर्यतीची गाडी तयार केली. पुढे फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेले पहिले भारतीय चालक नरेन कार्तिकेयन यांनी आरंभीच्या शर्यती याच गाडीतून केल्या. करिवर्धन यांनी इंजिनाच्या ताकदीमागे न लागता सांगाडा हलका केला आणि सुटे भाग गावोगावी मिळतील असे इंजिन निवडले. कमी खर्चात वेग साधण्याचा तोच शहाणपणाचा मार्ग होय.

इंजिनाबरोबर काय काय बदलते

जुने इंजिन काढून वेगळे बसविताना ज्या बाबींचा विचार अपरिहार्य ठरतो, त्या क्रमाने पाहू.

(१) वजन व तोल : समजा, ९०० किलो वजनाच्या गाडीचा ५५ टक्के भार, म्हणजे ४९५ किलो, पुढच्या चाकांवर आहे. नवे इंजिन जुन्यापेक्षा ६० किलोंनी जड असून ते पुढच्या ॲक्सलवरच बसते, असे धरू. आता गाडी ९६० किलोंची व पुढचा भार ५५५ किलोंचा, म्हणजे सुमारे ५८ टक्के होतो. पुढच्या स्प्रिंगा दबतात, सुकाणू जड होते आणि वळणावर गाडी चालकाने वळविल्यापेक्षा कमी वळते. जोराने ब्रेक दाबल्यास मागची हलकी झालेली चाके आधी घसरू लागतात.

(२) माउंटिंग व तेलाची टाकी : इंजिन सांगाड्याला रबरी माउंटिंगच्या आधाराने बसते. जुन्या सांगाड्याला नवे कान वेल्डिंगने जोडताना मूळ लोखंड गंजलेले असेल, तर घाटातील धक्क्यांनी जोड उकलतो. इंजिनाखालील तेलाची टाकी सुकाणूच्या दांड्याला किंवा आडव्या पट्टीला लागते काय, हेही पाहावे लागते. टाकी कापून उथळ केल्यास वळणावर तेल एका अंगाला सरते, पंप हवा ओढतो आणि काही क्षणांतच बेअरिंगे जळतात.

(३) इंजिन व गिअरपेटी यांचा जोड : दोन वेगळ्या घराण्यांच्या यंत्रांची भोके एकमेकांशी जुळत नाहीत. त्यासाठी मध्ये जाड पोलादी किंवा ॲल्युमिनिअमची जोडपट्टी तयार करावी लागते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात असे काम करणारे कुशल कारागीर आहेत. मात्र क्रँकशाफ्टचा व गिअरपेटीच्या दांड्याचा मध्य अचूक एका रेषेत आला पाहिजे. केसाइतका फरकही क्लच व बेअरिंग खाऊन टाकतो.

(४) गिअरपेटी, शाफ्ट व ॲक्सल : जुन्या इंजिनाचा पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, ८ किलोग्रॅम-मीटर असेल आणि पहिल्या गिअरचे प्रमाण ३.८ असेल, तर प्रोपेलर शाफ्टवर सुमारे ३० किलोग्रॅम-मीटर जोर येतो. नवे इंजिन १५ किलोग्रॅम-मीटरचे असेल, तर तोच जोर ५७ होतो. शाफ्ट, त्याचे क्रॉस व ॲक्सलचे दांडे मूळच्या जोरासाठी घडविलेले असल्याने सर्वांत अशक्त असलेला दुवा प्रथम तुटतो. तो चढावावर तुटला, तर गाडी मागे येऊ लागते.

(५) डिफरन्शिअलचे प्रमाण : हे गणित शिक्षकांनी फळ्यावर अवश्य करून दाखवावे. चाकाचा परीघ २ मीटर व डिफरन्शिअलचे प्रमाण ४.३ धरा. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे करीत असेल, तर वरच्या सरळ गिअरमध्ये चाक सुमारे ९३० फेरे करते आणि गाडीचा वेग ताशी सुमारे ११२ किलोमीटर होतो. त्या जागी मिनिटाला ३००० फेऱ्यांपलीकडे न जाणारे डिझेल इंजिन बसविल्यास वेग ताशी ८४ किलोमीटरवर अडतो. वेग परत मिळवावयाचा, तर प्रमाण सुमारे ३.२ करावे लागते. परंतु मग चढावरील ओढ कमी होते. एक मिळविताना दुसरे सोडावे लागते, हा यंत्राचा अटळ नियम आहे.

(६) शीतन : इंधनातील उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि तितकीच पाण्याला मिळते. इंजिनाची ताकद दुप्पट झाली की पूर्ण जोरावर रेडिएटरने बाहेर टाकावयाची उष्णताही दुप्पट होते. शर्यतीच्या मार्गावर समोरून जोराचा वारा मिळतो. अनमोडच्या चढावर मालमोटारीच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. म्हणून मार्गावर थंड राहणारे इंजिन घाटात उकळते.

(७) इंधनाच्या नळ्या व विद्युत यंत्रणा : कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा दाब अगदी कमी असतो. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनाला त्याच्या अनेक पट दाब लागतो. जुन्या रबरी नळ्या व साध्या पट्ट्या या दाबाला टिकत नाहीत. तापलेल्या नळीवर पेट्रोलची फवार उडाली, तर गाडी पेट घेते. त्याचप्रमाणे अलीकडच्या इंजिनाला नियंत्रक संगणक, अनेक संवेदक व त्यांच्या तारांचे जाळे लागते. त्यातील एक तार कापून तात्पुरती जोडली, तर पावसाळ्याच्या दमट हवेत इंजिन भर रस्त्यात बंद पडते.

(८) ब्रेक : अनेक गाड्यांत पाय हलका पडावा म्हणून इंजिनातील निर्वाताची मदत ब्रेकला मिळते. पेट्रोल इंजिन हा निर्वात आपोआप निर्माण करते. डिझेल इंजिन तसा करीत नाही. त्याला स्वतंत्र निर्वात पंप लागतो. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविले आणि हा पंप विसरला, तर पहिल्याच उतारावर पेडल दगडासारखे घट्ट लागते. अनेकांच्या ध्यानात न येणारी ही बाब येथे मुद्दाम नमूद करण्यात येत आहे.

घाटाचे गणित

वेग वाढविणे सोपे आहे. तो थांबविणे अवघड आहे. १००० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट करून १२० केला की ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ५५६ किलोज्यूल होते. ही सारी ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांनी उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते.

आता घाट पाहू. घाटमाथ्यावरून ५०० मीटर खाली उतरताना तीच गाडी सुमारे ४९०० किलोज्यूल ऊर्जा सोडते. ताशी ६० किलोमीटर वेगातून गाडी ३५ वेळा लागोपाठ पूर्ण थांबवावी, इतकी ही ऊर्जा आहे. यातील मोठा वाटा खालच्या गिअरमध्ये इंजिनाने रोखून धरावयाचा असतो. इंजिन व गिअर यांचे नाते बिघडलेल्या गाडीत तो वाटा ब्रेकवर पडतो. पट्ट्या तापतात, त्यांची पकड सुटते, ब्रेकच्या तेलात वाफ होते आणि पेडल तळाशी जाते.

याच तालुक्यातील कॅसल रॉक स्थानकाजवळून गोव्याकडे उतरणारा लोहमार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कुळेपर्यंतच्या या घाटात ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र उतार आहे. रेल्वे प्रशासन तेथे जादा इंजिने जोडते आणि उतरणीस लागण्यापूर्वी ब्रेकची तपासणी करते. चढण्यासाठी लागणाऱ्या ताकदीइतकेच महत्त्व उतरताना लागणाऱ्या आवराला देण्याची ही शिस्त शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे. मोटारमालकांनी तिचे अनुकरण करणे इष्ट होय.

कायदा काय सांगतो

या विषयातील मोठा गैरसमज जुन्या काळाच्या आठवणीतून आला आहे. “वडिलांच्या वेळी जीपमध्ये डिझेल इंजिन घातले आणि पुस्तकात नोंदही झाली,” असे पुष्कळ जण सांगतात, आणि ते खोटे नसते. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाखाली नोंदणी अधिकाऱ्यास आगाऊ सूचना देऊन व त्याची मान्यता घेऊन असे बदल करता येत. आज ती स्थिती राहिलेली नाही.

सध्या अमलात असलेल्या १९८८ च्या अधिनियमाचे कलम ५२ हे २००० साली सुधारण्यात आले. त्यानुसार उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात हीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. या नियमास असलेले महत्त्वाचे अपवाद पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) गाडी वायू, वीज इत्यादी वेगळ्या इंधनावर वा ऊर्जेवर चालविण्यासाठी मान्यताप्राप्त रूपांतर-संच ठरवून दिलेल्या अटींनुसार बसविणे.

(आ) जुने इंजिन निकामी झाल्यास त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने बसवून नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घेणे. ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक परिवहन वाहने आहेत, अशा मालकांना राज्य शासन अधिसूचनेद्वारे या पूर्वमान्यतेतून सूट देऊ शकते.

(इ) अपंग व्यक्तीस वाहन चालविणे सुलभ व्हावे म्हणून आवश्यक ते बदल मान्यतेने करणे.

कायद्यात बसत नसलेला बदल करणाऱ्या मालकास २०१९ च्या सुधारणेनुसार प्रत्येक बदलाबद्दल पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला प्रथम अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जोयडा तालुक्यातील रस्त्यांचा बराच भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातून जातो. तेथील वनवाटांवर परवानगीवाचून गाडी घालणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचाही भंग करणारे ठरते.

दंडापेक्षा विम्याची बाजू अधिक गंभीर आहे. गाडीचे इंजिन बदलल्याची माहिती विमा कंपनीस दिलेली नसेल, तर अपघातानंतर दावा वादात सापडतो. जखमी झालेल्या तिऱ्हाइताच्या भरपाईचा बोजा अखेर मालकाच्या घरादारावर येऊ शकतो. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतन करताना अधिकारी इंजिन क्रमांक व सांगाड्याचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहतात, हेही स्मरणात ठेवावे.

ज्यांच्याकडे वाडवडिलांची खरोखरीच जुनी मोटार आहे, त्यांनी तर इंजिन बदलण्यापूर्वी दोनदा विचार करावा. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून विशेष नोंदणी मिळते. मात्र ती मूळ रूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, अंगात वा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. उत्साहाच्या भरात काढून भंगारात विकलेले मूळ इंजिन पुन्हा मिळत नाही, आणि त्याबरोबर हा मानही जातो.

देवराष्ट्रे येथील उदाहरण

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. तेथील एका लोहार कारागिराने भंगारातील सुटे भाग व दुचाकीचे इंजिन वापरून, पायाने किक मारून सुरू होणारी एक लहानशी जीप तयार केली. २०२१ च्या अखेरीस तिची वार्ता देशभर पसरली. महिंद्र उद्योगसमूहाचे प्रमुख आनंद महिंद्र यांनी त्या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. त्याचबरोबर, ही गाडी नियमांत बसत नसल्याने प्रशासन आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई करील, हेही त्यांनी सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या कारागिरास नवी बोलेरो गाडी देण्यात आली व त्याची जीप प्रेरणादायी नमुना म्हणून कंपनीने आपल्याकडे घेतली. बुद्धीचा सन्मान झाला आणि नियमही अबाधित राहिला. हौशी कारागिराकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा हा चांगला पाठ आहे.

मग हौस कोठे पुरवावी?

शर्यतीसाठी बदललेली गाडी बंदिस्त मार्गावर चालविण्यास वाव आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था शर्यतींचे नियमन करते. चालकाला तिचा परवाना घ्यावा लागतो व प्रत्येक शर्यतीपूर्वी गाडीची तांत्रिक छाननी होते. चेन्नईजवळील मार्ग, कोइमतूर येथील २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि नोएडाजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग ही अशा शर्यतींची प्रमुख स्थळे आहेत. इच्छुकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गाडी मार्गापर्यंत स्वतः चालवीत न नेता ट्रेलरवर किंवा मालमोटारीतून न्यावी.

२. ताकद वाढविण्यापूर्वी ब्रेक, टायर, सुकाणू व स्प्रिंगा यांवर खर्च करावा. हाती असलेल्या रकमेचा निम्मा भाग त्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

३. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, अनेक पदरी आसनपट्टा, अग्निशामक, बाहेरूनही वीज तोडता येईल असा खटका आणि इंजिन व चालक यांमध्ये अखंड पत्रा असल्याशिवाय गाडी मार्गावर आणू नये.

४. ज्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतात तेच निवडावे. दुर्मीळ परदेशी इंजिनाचे एखादे गॅस्केट फुटले, तर गाडी सहा महिने शेडमध्ये पडून राहते.

५. इंजिन कोणाकडून घेतले त्याची पावती व इंजिन क्रमांक जपून ठेवावा. चोरीच्या गाडीचे इंजिन अजाणता विकत घेतल्यास मनस्ताप ओढवतो.

शाळा व प्रशिक्षण संस्थांचे कार्य

या विषयात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. वेग व ऊर्जा, गिअरचे प्रमाण, उष्णतेचे वहन हे पाठ पुस्तकात असतातच. गावातल्या जीपचे उदाहरण दिले तर ते विद्यार्थ्यांच्या मनात कायमचे ठसतील. ज्या मुलांना यंत्रांची ओढ आहे, त्यांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटार मेकॅनिक व डिझेल मेकॅनिक या अभ्यासक्रमांची माहिती द्यावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ ही स्पर्धा २००७ पासून भरविली जाते. तीत सर्व संघांना एकाच प्रकारचे लहान इंजिन दिले जाते आणि सांगाडा, स्प्रिंगा व ब्रेक यांची रचना विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाची असते. ताकद सर्वांना सारखी दिल्यावर जो जिंकतो तो रचनेच्या बळावर जिंकतो. इंजिन बदलण्याच्या नादी लागलेल्या प्रत्येक तरुणाने या स्पर्धेमागील हे तत्त्व समजून घ्यावे.

पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या संशोधनाचे व तपासणीचे कार्य करीत आहे. अहिल्यानगर येथेही संरक्षण खात्याचे वाहन संशोधन केंद्र व चाचणीमार्ग आहे. जुन्या गाडीत विजेवर चालणारा संच बसवावयाचा असल्यास तो अशा प्राधिकृत संस्थेने प्रमाणित केलेला आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे. ज्यांना जुनी गाडी कायद्याच्या चौकटीत राहून नव्या शक्तीवर चालवावयाची आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग खुला आहे. तालुक्यातील वाहनधारकांनी कोणताही बदल करण्यापूर्वी दांडेली येथील परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. गॅरेजमालकांनीही गिऱ्हाइकाचे नोंदणी पुस्तक पाहिल्याखेरीज इंजिनाला हात लावू नये.

घाटमाथ्यावरील गाडी ही बहुधा एका घराची नसते. तीतून आजाऱ्याला दवाखान्यात नेतात, मुले परीक्षेला जातात आणि बाजाराचा माल येतो. तिच्या इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे, यापेक्षा उतारावर ती वेळेवर थांबते काय, हा प्रश्न त्या सर्वांच्या दृष्टीने मोलाचा आहे. कुशल हातांना वेगाचे आव्हान हवे असेल, तर शर्यतीचे बंदिस्त मार्ग त्यासाठी आहेत. घाटाच्या रस्त्यावर मात्र मूळ इंजिन, खालचा गिअर आणि तपासलेला ब्रेक यांवरच भिस्त ठेवावी.